फासा टाकण्याआधीचा आकडा

(१ जानेवारीला कोलकात्यात डमडम इथे जमलेल्या मराठी आणि बंगाली मित्रमैत्रिणींच्या बैठकीत केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज १ जानेवारी. आपल्यापैकी कुणालाच यंदा भीमा कोरेगावला जाता आलं नाही. कुणाची परीक्षा आहे, कुणाला रजा मिळाली नाही, कुणाच्या खिशात तिकिटाचे पैसे नव्हते. म्हणून दीड हजार किलोमीटरहून लांब, या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आपण बसलोय. मला सांगितलं होतं की अर्धा तास बोल, विषय तुझा तू ठरव. मी बाहुल्या घेऊन आले. हसू नका. या टेबलावर जे दिसतंय ते मी गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी करत आलेय, आणि त्यातून मला जे कळलं तेच आज सांगणार आहे.

आधी हे काय आहे ते सांगते. याला वॉरगेम म्हणतात. टेबलावर नकाशासारखी जमीन मांडायची. नदी, गाव, भिंती, गल्ल्या. त्यावर बोटाच्या पेराएवढे शिपाई उभे करायचे. दोन बाजू, दोन खेळाडू, फासे आणि एक नियमांची वही. कोण किती चालू शकतो, कोणाची गोळी किती लांब जाते, कोण कधी मागे हटतो, हे सगळं वहीत लिहिलेलं असतं. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ साली असा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी छापला. एच. जी. वेल्स या लेखकानं १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांसाठी नियमांचं पुस्तक काढलं. आज जगभर लोक हा छंद करतात. आपल्याकडे थोडे, बहुतेक मोठ्या शहरांतले, बऱ्या घरांतले. कारण परदेशी बाहुल्या महाग. माझ्या मातीच्या आहेत, घरी केलेल्या. काहींची नाकं गेलीत.

आपल्याला हे अगदीच नवीन नाही. बुद्धिबळाचा पट आपण पाहिलाय. त्यात पायदळ म्हणजे प्यादी. पुढे उभी करायची, आधी मारली जायची. मराठीत एखाद्याला प्यादं म्हटलं की त्याची किंमत सांगून झाली. मला लहानपणापासून त्या पहिल्या ओळीचं कुतूहल होतं. माझे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते, मशीनगनवर. आम्हा पोरांना वाटायचं की ते शौर्याच्या गोष्टी सांगतील. ते सांगायचे पायांच्या आणि पाण्याच्या. बूट कुठे चावतो, बाटली कधी उघडायची, कधी नाही. "पाय आणि पाणी. बाकी सगळं मागनं," असं म्हणायचे. हे वाक्य पुढे माझ्या वहीचा पहिला नियम झालं.

मी संख्याशास्त्र शिकले. घरात पहिली पदवी माझी. शिकताना एका शहरात एका गटाबरोबर मी हा खेळ पहिल्यांदा खेळले. त्यांनी मला वही दिली. त्यात प्रत्येक फौजेच्या नावापुढे एक आकडा होता. हा आकडा म्हणजे त्या तुकडीचं मनोधैर्य. मी त्याला 'दम' म्हणते. संकट आलं की दोन फासे टाकायचे, बेरजेत तुकडीचा आकडा मिळवायचा किंवा वजा करायचा, आणि उत्तर सात किंवा जास्त आलं की तुकडी टिकली. कमी आलं की हटली. त्या वहीत गोऱ्या पलटणींपुढे अधिक एक होता, काही निवडक 'लढाऊ' जमातींपुढे शून्य, आणि उरलेल्या देशी पायदळापुढे वजा एक. मी विचारलं, हा वजा एक कशावरून? उत्तर आलं, "हिस्टॉरिकल आहे." पुढचा फासा टाकला गेला.

आता माझ्या विषयातलं थोडं सांगते. दोन फाशांच्या छत्तीस शक्यता असतात. त्यातल्या एकवीस वेळा बेरीज सात किंवा जास्त येते. म्हणजे साध्या तुकडीला टिकण्याची संधी साधारण ५८ टक्के. वजा एक असेल तर फाशांवर आठ पडायला हवेत. शक्यता पंधरा, म्हणजे ४२ टक्के. अधिक एक असेल तर सहा पुरतात. शक्यता सव्वीस, म्हणजे ७२ टक्के. तुम्ही म्हणाल, एका गुणाचा तर फरक आहे. पण लढाईत परीक्षा एकदाच होत नाही. समजा दिवसभरात चार वेळा फासे टाकावे लागले आणि चारही वेळा टिकायला हवं. अधिक एकवाल्या शंभर तुकड्यांतल्या २७ टिकतात. शून्यवाल्या १२. वजा एकवाल्या फक्त ३. सत्तावीस आणि तीन. नऊ पट फरक, आणि सुरुवातीला दोनच गुणांचं अंतर होतं.

शंभर डाव खेळून झाल्यावर कुणीतरी म्हणणारच, बघा, हे लोक टिकत नाहीत, आकडेच सांगतात. आकडे खरं सांगतात. पण ते फक्त वही लिहिणाऱ्यानं आधी काय लिहिलं होतं तेच परत सांगतात. फासा टाकण्याआधीच निकाल निम्मा लागलेला होता.

तुमच्यातले काहीजण आता माझ्याकडे बघून मान हलवतायत. तुम्हाला कशाची आठवण झाली ते मला माहीत आहे. प्रवेश, वसतिगृह, तोंडी परीक्षा, नोकरीची मुलाखत. चार फासे. माझ्या एका तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न होता पूर्ण नाव, दुसरा गाव, तिसरा वडील काय करतात. संख्याशास्त्राचा प्रश्न चौथा आला, आणि तोपर्यंत समोरच्याच्या मनात माझ्यापुढे आकडा लिहून झाला होता. पण आज मला त्या खोलीबद्दल बोलायचं नाही. मला वहीबद्दल बोलायचंय, कारण अशी वही खरोखर होती आणि ती एका मोठ्या सैन्याची होती.

१८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती होते. काही जाती आणि जमाती जन्मानं लढाऊ, बाकीच्या नाहीत, हा विचार त्यांच्या काळात सैन्याचं धोरण झाला. 'मार्शल रेस' म्हणतात तो हाच. त्याआधी मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान् पिढ्या होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, म्हणूनच बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत झाला. आणि त्याच सुमाराला, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला, महारांची भरती बंद झाली. कुणी लढाई हरलं नव्हतं. कुणी पळून गेलं नव्हतं. वहीतला आकडा बदलला होता.

तो आकडा खोडावा म्हणून आपल्या माणसांनी अर्ज केले. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त शिपाई होते. त्यांचं 'विनंती पत्र' १८९४ चं. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पुढे पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये ती मोडली. दुसरं महायुद्ध आलं. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली. जरा हिशोब करा. आधी लढाऊ, मग लढाऊ नाही, मग चार वर्षं लढाऊ, मग पुन्हा नाही, मग पुन्हा लढाऊ. रक्तातली गोष्ट असती तर इतक्या वेळा बदलली असती का? माणसं तीच होती. गरज असली की आकडा वर, गरज संपली की खाली.

म्हणून मी ठरवलं, आपली वही आपण लिहायची. आणि पहिली लढाई कोरेगावची घ्यायची.

हा टेबलावरचा निळा कपडा म्हणजे भीमा. हे गाव, ही मातीची पडकी भिंत, या गल्ल्या. माप असं ठेवलं: एक बाहुली म्हणजे वीस माणसं, एक वीत म्हणजे शंभर यार्ड, एक खेळी म्हणजे अर्धा तास. मुंबई नेटिव इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, सुमारे ५०० शिपाई. म्हणजे पंचवीस बाहुल्या. त्या पाच-पाचच्या पट्ट्यांवर चिकटवल्यात. अडीचशेच्या आसपास घोडेस्वार. दोन लहान तोफा आणि मद्रास तोफखान्याचे २४ गोरे गोलंदाज. वीस माणसांना एक बाहुली म्हटलं तर त्यांना जेमतेम एक मिळते, आणि एका बाहुलीनं दोन तोफा चालत नाहीत. म्हणून त्यांचं माप वेगळं. कॅप्टन स्टॉन्टन या सगळ्यांना घेऊन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघाला. रात्रभर चालून सकाळी दहाच्या सुमाराला ते कोरेगावपाशी आले. सुमारे चाळीस किलोमीटर. लढाई रात्री नऊपर्यंत चालली. अकरा तास, म्हणजे माझ्या बावीस खेळी.

पायदळाचे नियम करताना पहिला प्रश्न येतो बंदुकीचा. तेव्हाची बंदूक चकमकीची, नळी आतून गुळगुळीत. काडतूस म्हणजे कागदाची पुडी, आत दारू आणि गोळी. पुडीचं टोक दातानं तोडायचं, थोडी दारू कानात, उरलेली नळीत, वर गोळी, मग गजानं ठासायचं. कवायत झालेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढतो. शंभर यार्डांपलीकडे नेम हा नशिबाचा भाग. म्हणून माझ्या नियमात गोळी एक वीत जाते, आणि अर्ध्या वितीच्या आत खरी लागते.

आता गणित करा. समजा शिपायाजवळ साठ काडतुसं आहेत आणि तो मिनिटाला दोन बार काढतोय. अर्ध्या तासात पेटी रिकामी. पहिल्याच खेळीत. आणि पुढे एकवीस खेळ्या आहेत. म्हणजे ही माणसं अकरा तास सारखी गोळ्या झाडत नव्हती. थांबत होती, राखून ठेवत होती, संगिनीनं गल्ली मोकळी करत होती. म्हणून प्रत्येक पट्टीला मी सहा मणी दिले. एक जोराचा बार, एक मणी. मणी संपले की संगीन. खेळणाऱ्याला लगेच कळतं की बार काढण्यापेक्षा न काढणं अवघड आहे. शिस्त म्हणतात ती हीच, आणि ती कवायतीतून येते.

दुसरा प्रश्न संख्येचा. इथे मला थोडं नाजूक बोलायचंय. पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार हे आपण लहानपणापासून ऐकतो. पेशव्यांची सगळी फौज साधारण तेवढी सांगतात, आणि तिच्यात मोठा भाग घोडदळाचा. पण गावात शिरून लढले ते अरब, गोसावी आणि पेशव्यांचं नियमित पायदळ. एका वेळी लढाईत असलेले दोनेक हजार. घोडा गल्लीत काय करणार? माझ्या पटावर गल्लीच्या तोंडाशी एकच पट्टी मावते. मागे पाचशे असोत की पाच हजार, पुढे पाचच बाहुल्या. गावात शिरणं हा स्टॉन्टनचा शहाणपणा होता. मी अठ्ठावीस हजारांच्या बाहुल्या केल्या नाहीत म्हणून एक मित्र माझ्यावर चिडला. म्हणाला, तू आपल्या लोकांचं शौर्य कमी करतेयस. मी त्याला खेळायला बसवलं. सहाव्या खेळीला त्याच्या पट्ट्या तहानेनं खचायला लागल्या, तेव्हा तो गप्प झाला. दोन हजारच खूप असतात, पाणी नसेल तर.

तिसरा प्रश्न दमाचा, आणि इथे चूक माझीच आहे.

मी पहिली वही लिहिली तेव्हा महार शिपायांच्या पट्ट्यांना अधिक एक दिला. मनापासून दिला. इतकी वर्षं कुणीतरी वजा लिहिलं होतं, मी अधिक लिहिला. हात थरथरला माझा तो लिहिताना, इतका आनंद झाला. सुट्टीत गावी गेले तेव्हा धाकट्या भावाला खेळ शिकवला. तो तेव्हा अकरावीत. दोन डाव खेळला आणि म्हणाला, "ताई, ह्यांना जास्तीचा एक कशाचा?" मी म्हटलं, ते शूर होते म्हणून. तो म्हणाला, "शूर होते हे खेळून कळायला पाहिजे ना? तू आधीच लिहून ठेवलंयस. मग ही पण मार्शल रेसच झाली की."

मला राग आला. रात्रभर आला. सकाळी वही काढली आणि तो अधिक एक खोडला.

खोडल्यावर कळलं की जन्माचा रकाना रिकामा ठेवून चालत नाही, तो रकानाच काढावा लागतो. मग दम कशावर ठरवायचा? आजोबांचं वाक्य होतंच. आता माझ्या वहीत एवढंच आहे: आडोसा असेल तर अधिक एक. कवायत झालेली असेल तर अधिक एक. हुकूम देणारा जवळ असेल तर अधिक एक. पाणी तुटलं तर वजा एक. काडतुसं संपली तर वजा एक. तिसरा हिस्सा पडला तर वजा एक. सगळ्या फौजांना हेच. अरबांना, गोसाव्यांना, गोऱ्यांना, महारांना. यातली प्रत्येक गोष्ट देता येते आणि काढून घेता येते. जन्मासोबत येणारी एकही नाही.

हुकूम देणाऱ्याचा एक वेगळा नियम केला. मी पाहिलेल्या बहुतेक वह्यांत गोरा अधिकारी पडला की तुकडीचा दम जातो. कोरेगावात डॉक्टर धरून आठ अधिकारी होते, आणि संध्याकाळपर्यंत धडधाकट उरले तिघे. तरी पलटण उभी होती. कुणाच्या हुकमावर? हवालदार, नाईक, सुभेदार. म्हणून माझ्या पटावर अधिकारी पडला की हवालदाराची बाहुली पुढे सरकते आणि तोच अधिक एक तिला मिळतो.

आणि मग हा नियम लावून मी लढाई पुन्हा खेळले. त्या दिवशीची एक गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. तहान, थकवा आणि मेलेल्यांचा ढीग. तोफांचा अधिकारी चिझम मारला गेला, एक तोफ शत्रूच्या हाती गेली. तेव्हा शरण जाऊया असं कोण म्हणालं? तोफांवरच्या माणसांपैकी काहीजण. ज्यांना त्या जुन्या वहीत अधिक एक होता ते. मला सुरुवातीला हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर त्यांचे आकडे पाहिले. त्या चोवीसांच्या टोळीत बारा मेले, आठ जखमी. दिवसभर उघड्यावर तोफ ओढणारी माणसं. माझ्या नियमात त्यांना बसवलं तर पाणी नाही, अधिकारी नाही, तिसऱ्या हिश्शाहून कितीतरी जास्त पडलेले. वजा, वजा. कुणीही असतं तरी हटलं असतं. ती माणसं भित्री नव्हती. पायदळाचे ५० मेले आणि १०५ जखमी झाले, साधारण तिसरा हिस्सा. त्यांच्याकडे भिंत होती, कवायत होती, हवालदार होते. माझ्या वहीत ते कडेवर उभे राहतात. फासा इकडे किंवा तिकडे. आणि ते टिकले. पलटणीत महार होते, मराठे होते, मुसलमान होते. स्तंभावर मेलेल्या शिपायांची ४९ नावं आहेत, त्यातली २२ नावं 'नाक' या अक्षरांनी संपतात. त्यांना माझ्या अधिक एकची गरज नव्हती. सगळ्यांना सारखा नियम लावला तेव्हाच त्यांनी काय केलं ते मला नीट दिसलं.

लढाई कोण जिंकलं हाही प्रश्न येतो. रात्री पेशव्यांच्या तुकड्या गावातून निघून गेल्या, आणि दुसऱ्या रात्री स्टॉन्टननंही शिरूरची वाट धरली. म्हणून माझ्या खेळात जिंकण्याची अट एकच: बावीसाव्या खेळीला गाव हातात आणि माणसं पाण्यापाशी. कंपनी सरकार आपलं तारणहार होतं असं मी म्हणत नाही, वर सांगितलेली वही त्यांचीच. पण पेशवाईत ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ होता ते त्या रांगेत कुणाच्याही बरोबरीनं उभे होते. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले ते यासाठीच.

आता शेवटची गोष्ट, आणि ती या जागेची आहे. आपण जिथे बसलोय त्या डमडमची.

इथले लोक दमदम म्हणतात. मराठीत 'दमदमा' हा शब्द आहे, तोफा ठेवायला केलेला उंचवटा. हे नावही तिथूनच आलं असं सांगतात. बंगाल तोफखान्याचं मुख्य ठाणं १८५३ पर्यंत इथे होतं. ज्या फुटणाऱ्या गोळीला जग डमडम म्हणतं तीही इथल्याच कारखान्यातली. आणि १८५७ च्या जानेवारीत इथे नवीन एनफिल्ड रायफल शिकवण्याचं ठाणं होतं. या रायफलीच्या नळीला आतून आटे, गोळी घट्ट बसायची, म्हणून काडतुसाला चरबी लावलेली. टोक तोडायचं दातानंच.

कॅप्टन राइट नावाच्या अधिकाऱ्यानं २२ जानेवारी १८५७ ला वरिष्ठांना एक पत्र लिहिलं. त्यातली हकिकत अशी. इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातला एक खालच्या जातीचा खलाशी वरच्या जातीच्या शिपायाकडे त्याच्या लोट्यातलं पाणी मागतो. शिपाई म्हणतो, लोटा आत्ताच घासलाय, तुझ्या हातानं बाटेल. खलाशी म्हणतो, जातीचं एवढं काय घेऊन बसलास, थोड्याच दिवसांत गाय-डुकराची चरबी लावलेली काडतुसं दातानं तोडायची वेळ येणार आहे तुझ्यावर. ही बातमी छावण्यांमधून पसरली, आणि पुढे काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे.

शाळेत आपल्याला चरबी शिकवली. पाणी मागणारा माणूस शिकवला नाही. पत्रात त्याचं नावही नाही. उत्तर भारतातल्या दलित लोकांच्या आठवणीत त्याला मातादीन हे नाव आहे. पण मला वेगळाच प्रश्न पडला. त्याला काडतुसात काय आहे हे कसं माहीत? तर तो कारखान्यात काम करत होता. शिपायाला काडतूस हातात आल्यावर दिसणार होतं. ते जिथे तयार होत होतं तिथे हा माणूस रोज उभा होता. पायदळाच्या बंदुकीबद्दल त्या छावणीत जास्त ज्ञान कुणाकडे होतं, ते सांगा.

मग मी माझा पट पुन्हा पाहिला. त्यावर शिपाई होते, घोडेस्वार होते, तोफा होत्या. काडतुसं आणणारं कुणी नव्हतं. पखाल वाहणारं कुणी नव्हतं. जखमींची डोली उचलणारं कुणी नव्हतं. अन्यायाच्या विरोधात वही लिहायला बसलेली मी, आणि माझ्या वहीतही ती माणसं नव्हती. मण्यांची वाटी टेबलाच्या कडेला ठेवली होती, जणू काडतुसं आपोआप येतात.

आता या कडेच्या चार बाहुल्या बघा. दोन खलाशी, एक पखालवाला, एक डोलीवाल्यांची जोडी. मणी संपले तर खलाशाची बाहुली पट्टीपर्यंत चालत पोचली पाहिजे, तरच नवे मणी. पाण्याचा वजा एक पखालवाला पोचल्यावरच जातो. वाटेत तो मारला गेला तर ज्याच्या जिवावर सगळी फौज टिकली होती तो गेला. हा नियम आल्यापासून खेळच बदलला. अनुभवी खेळाडू आता शत्रूच्या अधिकाऱ्याकडे बघतच नाहीत, पखालवाल्याकडे बघतात. आणि आपला पखालवाला वाचवायला पट्टी पुढे करतात. या नियमाचं नाव मी 'डमडमचा नियम' ठेवलंय.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेचजण घरातले पहिले पदवीधर आहेत. आता आपण त्या जागांवर पोचतोय जिथे वह्या लिहिल्या जातात. कुणी शाळेत प्रश्नपत्रिका काढेल, कुणी कचेरीत निकष ठरवेल, कुणी मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसेल, कुणी संगणकाचा प्रोग्राम लिहील जो हजारो अर्जांपुढे आकडे टाकेल. तेव्हा एवढं करा. आकडा दिसला की विचारा, हा कशाचा? कवायतीचा की जन्माचा? पाण्याचा की आडनावाचा? आपल्या बाजूचा अधिक एक असला तरी विचारा. तो विचारणं सगळ्यात अवघड असतं, मी रात्रभर जागलेय. आरक्षणाबद्दल कुणी म्हणेल की तोही अधिक एकच. त्याला सांगा की आम्ही पाणी मागतोय. ज्याचं पाणी पिढ्यान् पिढ्या तोडलं त्याला पाणी देणं हा बोनस होत नाही, वजा एक काढणं होतं. आणि निकष लिहून झाल्यावर टेबलाच्या कडेला बघा, काडतुसं कोण आणतंय, आणि त्याची बाहुली पटावर आहे का.

या बंगालच्या मातीतल्या मित्रांचे आभार मानते. १९४६ मध्ये जोगेंद्रनाथ मंडल आणि इथल्या आपल्या लोकांनी बाबासाहेबांना इथून संविधान सभेत पाठवलं. देशाचे नियम लिहायच्या टेबलापाशी ते पहिल्यांदा पोचले ते बंगालमधून. नियमांच्या वहीवर बोलायला याहून बरी जागा मला मिळाली नसती.

आता बोलणं पुरे. पट मांडलेला आहे, फासे इथे आहेत. कंपनीच्या बाजूनं खेळायला सगळ्यांचेच हात वर आहेत, ते दिसतंय मला. पण पेशव्यांच्या बाजूनं कुणीतरी बसावंच लागेल. त्या अरब आणि गोसावी प्याद्यांनाही पाय आहेत आणि तहान आहे, त्यांनाही नियम तेच आहेत. आज कुणी तयार नसेल तर मी बसते. आणि जमेल तेवढं चांगलं खेळणार आहे, सांगून ठेवते. तुम्ही गाव राखून दाखवा.

जय भीम.